आधी खिंड, मग फौज: पहिला वॉरगेम बोर्ड आणि दोन छोट्या सेना कशा उभ्या करायच्या

प्रश्न असा आलाय: "ताई, मी ऐरोलीला राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दरवर्षी दिवाळीत सोसायटीत किल्ला करतो. आता मिनिएचर वॉरगेमिंग सुरू करायचंय, मराठे विरुद्ध मोगल, २८ मिमीमध्ये, दोन्हीकडे शंभर-शंभर फिगर. बारा हजार साठवलेत. फिगर कुठून घेऊ आणि टेरेन, म्हणजे बोर्डावरचे डोंगर-झाडी, कधी करायला घेऊ?"

थांब, ऑर्डर अजून टाकू नकोस. मी नेरुळला राहते, आर्किटेक्ट लोकांसाठी बिल्डिंगची मॉडेलं बनवणं हा माझा धंदा आणि वॉरगेमिंग, म्हणजे छोट्या रंगवलेल्या फिगर घेऊन टेबलावर लढाई खेळणं, हा चौदा वर्षांपासूनचा छंद, आणि या चौदा वर्षांत जेवढे जण हा छंद सोडून गेले त्यातले बहुतेक एकाच रस्त्याने गेले, आधी दोनशे फिगर मागवल्या, पंधरा रंगवल्या, उरलेल्या डब्यात गेल्या आणि डबा माळ्यावर. पैसे कमी पडले म्हणून कुणी सोडलं नाही रे, समोर संपणारी गोष्ट दिसत नव्हती म्हणून सोडलं. म्हणून माझं उत्तर तुझ्या प्रश्नाच्या उलट्या टोकापासून सुरू होणार. आधी एक लढाई ठरव, मग ती ज्या जमिनीवर झाली ती जमीन बनव, आणि त्या जमिनीवर जेवढी माणसं मावतील तेवढीच फौज घे.

"मराठे विरुद्ध मोगल" ही लढाई नाही, ती शंभर वर्षं आहेत. त्यातली एक उचल. मी तुझ्या जागी असते तर उंबरखिंड घेतली असती. २ फेब्रुवारी १६६१. शायिस्ताखान पुण्यात बसलेला, त्याने आपला सरदार कारतलबखान याला कोकण घ्यायला पाठवलं, सोबत मोगलांची स्त्री सरदार रायबागन, आणि ही फौज लोणावळ्याकडून कुरवंडे घाटाने खाली उतरली आणि चावणी गावापाशी, अंबा नदीच्या खोऱ्यात, दाट झाडीतल्या अरुंद वाटेत सापडली. महाराजांची माणसं दोन्ही बाजूंच्या उंचावर आधीच दबा धरून बसलेली. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागतीचा निरोप पाठवला, सामान टाकलं, खंडणी भरली आणि वाट मिळाली.

पहिल्या प्रोजेक्टला हीच का? एक तर जागा तुझ्या घरापासून दीड-दोन तासांवर आहे, खोपोली सोडलं की पुढे. दुसरं म्हणजे दोन्ही सेना सारख्या नाहीत. एक लांब रांगेत अडकलेली, दुसरी थोडकी पण उंचावर. म्हणजे मराठ्यांकडून तुला कमी फिगर लागतात आणि तरी खेळ पुरा होतो. आणि तिसरं, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं, या लढाईत जमीनच निम्मं काम करते. सपाट हिरव्या कापडावर उंबरखिंड खेळताच येणार नाही.

आता साइजचं बघू, कारण इथेच पैसे वाचतात. २८ मिमी, म्हणजे साधारण तेवढ्या उंचीची फिगर दिसायला सुंदर, चेहऱ्यावर मिशी रंगवता येते, सगळं मान्य. पण ती साधारण १:५६ पडते, म्हणजे शंभर मीटरचा कडा करायचा तर तो पावणेदोन मीटर उंच होईल. १५ मिमी साधारण १:१०० पडते, तिथेही कडा एक मीटर होतोच, त्यामुळे उंची खोटी ठेवावीच लागते, पण फिगर लहान असली की ते खोटेपण डोळ्याला कमी खुपतं. तू १५ मिमी घे.

आणि फिगर एकेक सुटी उभी करू नकोस, बेसवर, म्हणजे एका छोट्या चौकोनी तुकड्यावर तीन-चार मिळून लाव. १५ मिमीला ४० मिमी रुंदीचा बेस जुन्या काळापासून चालत आलाय, बऱ्याच रूल्समध्ये तोच धरतात, त्यामुळे पुढे रूल्स बदलले तरी बेस उखडावे लागत नाहीत. मोगलांकडे घोडदळाचे ८ बेस, प्रत्येकावर ३ स्वार. पायदळाचे ६, प्रत्येकी ४ माणसं. सामानसुमानाचे ३, बैल, हमाल, गाठोडी. सरदारांचे २, एक कारतलबखान आणि एक रायबागन. मराठ्यांकडे पायदळाचे ८ बेस पण त्यावर ३-३ च माणसं, विखुरलेली दिसली पाहिजेत. घोडदळाचे २ आणि महाराजांचा १. झाले तीस बेस. फिगर मोजल्यास तर सामान आणि सरदार धरून नव्वदीच्या आत आटपतं, तुझ्या दोनशेच्या निम्म्याहून कमी.

मोगलांची रांग मोजून बघ. घोड्याचा बेस ४० मिमी खोल, पायदळाचा ३०, सामान आणि सरदार ४०-४० धर. एकामागे एक लावले तर सत्तर सेंटिमीटर होते. तुझा बोर्ड चार फूट लांब असेल, म्हणजे १२० सेंटिमीटर, तर रांग निम्म्याहून जास्त खिंड भरून टाकते, डोकं खिंडीच्या तोंडाशी पोचतंय आणि शेपूट अजून मागच्या वळणावर आहे. हेच पाहिजे. हीच फौज २८ मिमीत घेतलीस तर रांग जवळजवळ अख्खा बोर्ड खाते, मग पुढे सरकायचं कुठे? जमीन आधी ठरवली की फौज आपोआप ठरते म्हणते ते यासाठी.

बोर्ड चार फूट बाय तीन फूट पुरे. दोन तुकडे कर, दोन बाय तीनचे, म्हणजे लिफ्टमध्ये जातील आणि पलंगाखाली सरकतील. तू दिवाळीत किल्ले केलेस म्हणजे हात तयार आहे, माती-दगड-गोणपाट सगळं कळतं तुला, फक्त एक सवय मोडावी लागेल. किल्ला आपण भिंतीला टेकवून करतो, बघणारा समोरून बघतो, मागची बाजू कशीही असली तरी चालते. बोर्डाच्या चारी बाजूंनी माणसं फिरतात आणि हात मधोमध पोचावा लागतो. मागे उंच डोंगर आणि पुढे उतार असा किल्ल्यासारखा बोर्ड केलास तर पलीकडच्याला स्वतःचीच फौज दिसणार नाही. उंबरखिंडीत दोन्ही कडा उंच आणि मध्ये वाट, म्हणून कडा बोर्डाच्या लांब बाजूंना ठेव आणि खेळणारे दोघे अरुंद टोकांना उभे राहू देत, खिंडीतून सरळ नजर जाते.

एक पैसाही खर्च करायच्या आधी पुठ्ठ्याची लढाई खेळ. खरंच खेळ. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घे, ४० मिमी रुंदीचे तीस तुकडे काप, वर पेनाने लिही "घोडे", "बंदुकची", "बैल". डायनिंग टेबलवर चार बाय तीन मापाची चादर घाल, खाली पुस्तकं सारून डोंगर कर, आणि मित्राला बोलाव. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्या भावाने मोगल घेतले होते आणि दहाव्या मिनिटाला म्हणाला, "ताई, मी इथे फक्त मरायला उभा आहे, मला करायला काही नाहीये." बरोबर होतं त्याचं. मग आम्ही जिंकण्याचा हिशोब बदलला. मोगल मराठ्यांना हरवायला बघत नाही, तो बैल आणि सरदार बाहेर काढायला बघतो, जेवढे बैल मागे राहतील तेवढी खंडणी. आणि रायबागनचा बेस खानाच्या बेसला भिडला की मोगल खेळाडू त्या क्षणी बोलणी मागू शकतो, जे वाचलंय ते घेऊन निघू शकतो. त्यानंतर खेळात जीव आला, कारण दर वळणाला त्याला ठरवावं लागतं, अजून लढू की आत्ताच निरोप पाठवू. पुठ्ठ्यावर हे एका संध्याकाळात समजलं, रंगवलेल्या फिगरवर समजायला दोन वर्षं लागली असती.

आता टेरेन, आणि इथे मी जरा जास्त बोलणार कारण लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात. परदेशी व्हिडिओ बघून लोक आल्प्ससारखे करडे, टोकदार, उभ्या भेगांचे कडे कोरतात आणि वर हिरवंगार गवत लावतात. आपला सह्याद्री तसा नाही. हा बसाल्ट आहे, लाव्ह्याचे थरावर थर बसलेले, त्यामुळे कड्यावर आडव्या पट्ट्या दिसतात, पायऱ्या-पायऱ्यांसारख्या, मध्येच एखादा मातकट लाल थर. खंडाळ्याच्या घाटात ट्रेनच्या खिडकीतून बघ, कातळ कापलाय तिथे स्वच्छ दिसतं.

म्हणून फोम आडवा रचायचा. इन्सुलेशनचा निळा किंवा गुलाबी एक्सपीएस फोम घे, २५ मिमी जाडीचा. थर्माकोल नको, कापताना दाणे सुटतात. आणि थेट स्प्रे पेंट दोन्हींवर मारू नकोस, थर्माकोलसारखाच एक्सपीएसही विरघळतो, माझा थर्माकोलचा एक अख्खा बुरूज असाच खड्डे पडून गेला. फोमचे थर फेव्हिकॉलने चिकटव पण दोन फोमच्या मध्ये हवा पोचत नाही म्हणून वाळायला दोन दिवस दे, दरम्यान टूथपिक टोचून थर जागेवर धरून ठेव. प्रत्येक थर खालच्यापेक्षा मागे सरकलेला, पण सगळीकडे सारखा नाही, कुठे चार सेंटिमीटर, कुठे अर्धाच, जिथे चार आहे तिथे मावळ्यांचा बेस उभा राहणार. बेस हातात घेऊन प्रत्येक पायरीवर ठेवून बघ, घसरतोय का, डुगडुगतोय का. हे कोरायच्या आधी कर, नंतर नाही.

कडा चाकूने गुळगुळीत कापू नकोस. कटरचं पातं अर्धवट आत घाल आणि फोम मोडून काढ, जो तुटका चेहरा मिळतो तो बराचसा कातळासारखाच असतो. मग ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा करून सगळ्या पृष्ठभागावर दाबत जा, जोरात दाब, घाबरू नकोस. शेवटी बोथट पेन्सिलने आडव्या रेघा, मध्ये मध्ये तोडलेल्या. दोन फोमच्या सांध्यावर एम-सील किंवा भिंतीची पुट्टी भर आणि तीच जागा लाल थर म्हणून वापर, सांधा लपतो आणि सह्याद्री पण दिसतो.

रंग. करड्याने सुरुवात करू नकोस. काळ्यात बर्न्ट अंबर मिसळ, त्यात थोडं फेव्हिकॉल घाल म्हणजे फोमवर कडक साल बसते, आणि ते सगळीकडे, भेगांत सुद्धा, जाड ब्रशने कोंब. वाळल्यावर मोठ्या चपट्या ब्रशने गरम राखाडी, म्हणजे राखाडीत थोडं यलो ओकर, ब्रश जुन्या कपड्यावर पुसून जवळजवळ कोरडा करून वरून खाली फिरव. तिसरा हात अजून फिका, फक्त पायऱ्यांच्या कडांवर. लाल थराला विटकरी रंग पाण्यात पातळ करून, तो थोडा खाली ओघळू दे, पावसात खरा ओघळतोच.

आणि गवत. लढाई फेब्रुवारीची आहे! फेब्रुवारीत घाटातलं गवत पिवळं पडलेलं असतं, वाळलेलं, कमरेएवढं. हिरवा रंग फक्त झाडांना आणि नदीकाठाला. यासाठी विकतचं काहीच लागत नाही. नारळाची शेंडी सोलून घे, काथ्या मोकळा कर, सेंटिमीटरभर कापून छोटे झुपके फेव्हिकॉलमध्ये उभे कर, रंगच द्यावा लागत नाही. झाडांना वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, फाडून, गडद हिरव्यात बुडवून, तारेच्या खोडावर. एक झाड मात्र वेगळं ठेव, पानं नसलेलं, नुसत्या फांद्या आणि टोकांना लाल ठिपके. काटेसावर. त्या महिन्यात ती फुललेली असते आणि घाट माहिती असलेला माणूस ते एक झाड बघून महिना ओळखतो.

जमिनीला बांधकामाची वाळू चहाच्या गाळणीतून चाळून. रांगोळीची पावडर वापरू नकोस, मला ती बारीक बारीक रंगीत पावडर बघून फार मोह झाला होता, जांभळी नाक्यावरून पाच रंग आणले, पण फेव्हिकॉलचं पाणी लागताच रंग सुटला आणि सगळी वाट गुलाबी झाली. पांढरी बिनरंगाची रांगोळी चालते, ती आधी अंथरून मग वरून ॲक्रिलिक मार. नदीला जास्त पाणी नको, फेब्रुवारीत गोटे उघडे पडलेले असतात, फोममध्ये सेंटिमीटरभर खोल पात्र खण, गोटे पसर आणि मध्ये तीन-चार डबकी चकचकीत वार्निशच्या पातळ थरांनी भर, एकेक थर पूर्ण वाळू देऊन.

फिगर रंगवण्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर शिकवणारे खूप आहेत. एकावेळी आठ-दहा घे, जास्त नाही. आतून बाहेर रंगव, आधी अंग, मग कपडा, मग शेला-पट्टा, मग हत्यार. सतराव्या शतकात युनिफॉर्म नव्हता, म्हणून सगळे मावळे भगव्यात आणि सगळे मोगल हिरव्यात असं करू नकोस, ते नाटकातलं सैन्य वाटतं. त्याऐवजी त्या काळच्या रंगांचा विचार कर, नीळ, मंजिष्ठाचा लाल, हळदीचा पिवळा, काताचा तपकिरी आणि न धुतलेलं पांढरं. एवढ्या पाचच रंगांत दोन्ही सेना होतात. मावळ्यात तपकिरी, पांढरं आणि काळी घोंगडी जास्त, मोगलांत लाल-निळा जास्त गडद आणि जामा उजळ. कुठलंही पांढरं थेट पांढऱ्याने रंगवू नकोस, खाली फिका खाकी, वर पांढरं फक्त चुण्यांच्या कडांना. खेळताना कोण कुणाचा हे बेसच्या कडेच्या रंगावरून कळू दे, एकाला काळी कडा, एकाला तपकिरी. मराठ्यांच्या तयार फिगर १५ मिमीत कमी मिळतात, नाही मिळाल्या तर साधं भारतीय पायदळ घेऊन डोक्यावर एपॉक्सी पुट्टीचं मुंडासं आणि खांद्यावर घोंगडी चढव, तांदळाच्या दाण्याएवढी पुट्टी लागते.

ॲक्रिलिकला कॅमलच्या ट्यूब चालतात, पाणी घालून दोन पातळ हात द्यायचे, एक जाड नाही. पोस्टर कलर नको, हाताच्या घामाने निघतो. ब्रशवर मात्र पैसे घाल, टोक टिकणारे दोनच, एक १ नंबरचा आणि एक २ नंबरचा, बास.

रेझिन थ्रीडी प्रिंटरचा विचार डोक्यात असेल तर घरी नको, कच्चं रेझिन हाताला लागलेलं चांगलं नाही, वास राहतो, धुवायला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लागतं, आणि तुमच्या फ्लॅटमध्ये त्यासाठी वेगळी हवेशीर खोली नसणार. फाइल देऊन बाहेरून प्रिंट करून घे, ठाण्यात आणि नवी मुंबईत करून देणारे आहेत.

पाऊस. हे कुठल्याच परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढा दमटपणा असतो की स्प्रेचा प्रायमर आणि मॅट वार्निश पांढरं धुकं धरतात. मी एकदा जुलैत, पाऊस थांबलाय बघून, बाल्कनीत चोवीस घोडेस्वारांवर मॅट वार्निश मारलं. संध्याकाळी बघते तर सगळे पिठात लोळल्यासारखे. सहा आठवड्यांचं काम होतं, मी त्या रात्री त्यांच्याकडे बघूच शकले नाही. वाचले कसे, तर दुसऱ्या दिवशी एका घोड्यावर ब्रशने चकचकीत वार्निशचा पातळ हात देऊन बघितला, धुकं विरघळून खालचा रंग परत दिसला, मग सगळ्यांना दिला आणि डिसेंबरमध्ये त्यावर मॅट मारलं. म्हणून स्प्रेची सगळी कामं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पावसाळ्यात प्रायमर ब्रशने लाव, फोम काप, पुट्टीचं काम कर, पुठ्ठ्याच्या लढाया खेळ. फेव्हिक्विकसुद्धा दमट हवेत सांध्याभोवती पांढरी भुकटी धरतं, अगदी कमी लाव आणि उघड्यावर वाळू दे, फिगर लगेच डब्यात बंद करू नकोस. बेसला एमडीएफ घेतलंस तर खालची बाजू पण रंगव, नाहीतर ओल पिऊन वाकतं.

पैशांचं गणित असं कर. बारातले सहा फिगरना, आणि तेही दोन वेळा मिळून, पहिल्यांदा फक्त मराठे. तीन हजार फोम, वाळू, गोंद, ॲक्रिलिक. दीड हजार ब्रश आणि वार्निशला. उरलेला दीड हातचा ठेव, कारण सगळं झाल्यावर कळतं की बैल कमी पडले. मराठे आधी का, तर अकराच बेस आहेत, दोन महिन्यांत संपतात, आणि रंगवलेले मराठे पुठ्ठ्याच्या मोगलांशी खेळता येतात. दर आठवड्याला एक पुठ्ठा उचलून तिथे रंगवलेला बेस ठेवायचा. सरदार सगळ्यात शेवटी रंगव, तोवर हात बसलेला असतो.

थंडीत एकदा चावणीला जाऊन ये. तिथे स्मारक आहे, ते बघच, पण जास्त वेळ नदीत उतरून दोन्ही बाजूंना वर बघत उभा राहा, आणि मोबाइलवर फोटो काढ ते जमिनीलगत मोबाइल धरून, फिगरच्या डोळ्यांच्या उंचीवरून. घरी रंग मिसळताना तेच फोटो समोर लागतात. मूठभर माती पिशवीत आण, चाळून बोर्डावर तीच वापर, रंगाची चिंताच मिटते.

आता मला दोन मापं कळव. तुझ्या पलंगाखाली जमिनीपासून किती जागा आहे ते आणि लिफ्टच्या दाराची रुंदी. माझ्या हिशोबात बोर्ड अडीच सेंटिमीटर आणि त्यावर पाच-पाचच्या तीन पायऱ्या, मिळून साडेसतरा होतात. पलंगाखाली तेवढं नसेल तर वरची पायरी सुटी करू, खाली दोन लोहचुंबक बसवले की ती खेळताना जागेवर राहते आणि नंतर उचलून खोक्यात जाते. ही मापं आली की कुठला थर कुठे कापायचा ते कागदावर काढून देते.